तिसऱ्यांचं माहेर

लाल ठिपका तिळाएवढा. लॅपटॉपच्या पडद्यावर, खाडीच्या निळ्या पट्ट्यात, वाळूच्या एका पिवळ्या जिभेला टेकलेला. चैताली मघापासून त्याच्याकडे बघते आहे – मांडीवर ऋतिका, ऋतिकाच्या तोंडावर नेब्युलायझरचा मास्क, यंत्राची घरघर, मास्कमधून निसटणारी वाफ... "ही जागा कागदावर घालू नको गो बाय." एवढंच म्हणाली होती दुर्गाबाई, गुडघाभर पाण्यात, पाठमोरी. आणि आपण "नाही हो मावशी" म्हटलं होतं. डॉक्टरांना मीठ कमी करते म्हणून सांगावं आणि घरी येऊन लोणच्याची बरणी उघडावी, तसं.

सकाळचे साडेनऊ. बिबवेवाडीतल्या या तिसऱ्या मजल्यावर आता ऊन गॅलरीच्या कठड्यावरून आत यायला लागलं आहे. ऋतिकाची छाती वर-खाली होते. एक, दोन, तीन... मिनिटाला चाळीसच्या वर गेली तर दवाखाना, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. अडतीस. पुन्हा मोजलं. अडतीसच.

"अगं, मघाशीच मोजलेस ना," अभय बूट घालता घालता म्हणाला. मग पडद्याकडे नजर गेली त्याची. "आणि अरबी समुद्राला आज सुट्टी दे जरा. तो काही बिबवेवाडीत येत नाही."

ती हसली. हसायला हवं होतं म्हणून. अभय वाईट नाही. त्याला ती काही सांगत नाही, आणि न सांगितलेलं त्याला दिसत नाही, एवढंच. दार लागलं. लिफ्टचा आवाज. आता दिवसभर ती आणि ऋतिका, आणि चार वाजेपर्यंत पाठवायची दीडशे शब्दांची चौकट.

चौकट वार्षिक अहवालासाठी. अकरा गावांची त्यांची आघाडी – कोळणी, वाळूतून तिसऱ्या म्हणजे शिंपले काढणाऱ्या बायका, दोन शाळामास्तर, होड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा, आणि त्या सगळ्यांचे कागद करायला इकडे कसबा पेठेत, तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर ठोकाठोक आणि वर किनारा वाचवायचा. "समुद्र इथून दिसत नाही, म्हणूनच तो नीट दिसतो," असं जयसिंग सर नव्या देणगीदारांना सांगायचे. आघाडी त्यांनीच उभी केलेली. गावोगाव एसटीनं फिरून, बायकांच्या चुलीपुढे बसून. माणूस खोटा नाही. खोटा असता तर किती सोपं झालं असतं.

काल त्यांचा फोन होता. "दुर्गाबाईंचा फोटो घ्या, तो हसरा. खाली दीडशे शब्द. ज्यांनी दाखवलेल्या जागेमुळे गाळ काढायचं काम थांबलं, त्या दुर्गाबाई."

"सर, पण पुढं जे झालं..."

"चैताली, आपण वार्षिक अहवाल लिहितो. दुखवट्याचा नाही."

पुढं जे झालं – ते कुठून सुरू होतं? ठिपक्यापासून? की त्याच्याही आधी, ती पाच महिन्यांची गरोदर होती तेव्हा, बायका ओहोटीला वाकून अंगठ्यानं वाळू चाचपत होत्या आणि तिला चक्कर आली, तिथून? दुर्गाबाईनं तिचं मनगट धरलं होतं. हात कसला, सुकी फांदी. पण धरला की सुटायचा नाही. इतर बायकांपासून लांब, वाळूच्या जिभेच्या टोकाशी घेऊन गेली. "सावकाश पाय ठेव. खाली लेकुरवाळ्या आहेत." गावातल्या बायका सगळीकडे तिसऱ्या काढत, पण तेवढ्या जागेला हात लावत नसत. तिसऱ्यांचं माहेर म्हणत. तिथून बी पसरतं, मग पाण्याबरोबर आमच्या पायाखाली येतं, असं त्यांचं म्हणणं. नेमकी जागा दोघी-तिघींनाच ठाऊक, आणि थोरलीनं ती दाखवायची कुणातरी एकीला, आपल्या मागं राखायला. दुर्गाबाईला मूल नव्हतं. तिनं ती चैतालीला दाखवली. पुण्याच्या, एम.एस्सी. झालेल्या, तीन दिवसांसाठी आलेल्या, पोटुशी बाईला. का दाखवली? हा प्रश्न तेव्हा पडला नाही, तेव्हा वाटलं, वा, केवढा विश्वास... आणि ओढणीखाली, कुडत्याच्या खिशात, मोबाइल चालू होता. चाललेल्या वाटेची नोंद आपोआप होत होती.

आपोआप. हा शब्द किती वेळा वापरला मी.

कारण नंतर ती नोंद पुसता आली असती. कसबा पेठेतल्या त्या खोलीत बसून तिनंच सरांना सांगितलं, माझ्याकडे अचूक जागा आहे. खाडीच्या तोंडाशी गाळ काढायचं काम मंजूर व्हायच्या बेतात होतं. त्या यंत्रांनी वाळूची जीभच उचलून नेली असती. ज्याची नोंद नाही ते सरकारच्या लेखी नाही, सर म्हणाले, आणि तेही खरंच होतं. म्हातारीला कागदाची भीती वाटते, तिनं मनाशी ठरवलं. सातबारा, अंगठे, फसवणूक, पिढ्यान्पिढ्यांची भीती... केवढं समजूतदार वाटलं होतं स्वतःचं ते समजून घेणं. नकाशा झाला. नकाशामुळे काम थांबलं. गावात पेढे वाटले, दुर्गाबाईनंही खाल्ला असेल. तोच नकाशा मग आघाडीच्या वेबसाइटवर चढला, लाल ठिपक्यासकट, खाली 'महत्त्वाचे प्रजननक्षेत्र'. तो चढवतानाही मीच होते. ऋतिका तेव्हा रांगायला लागली होती, एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

पुढच्या हंगामात बाहेरच्या होड्या आल्या, पंप लावलेल्या. तीन दिवसांत वाळू उपसून, चाळून, तिसऱ्या भरून गेल्या. थेट त्या टोकाशी. इकडे-तिकडे शोधलंसुद्धा नाही म्हणे.

नकाशा पाहूनच आले, हे कोण सिद्ध करणार? सरांनी हेच विचारलं होतं. ती स्वतःलाही विचारते, भांडी घासताना, ऋतिकाच्या तोंडात घास देताना: कुणी खलाशी फुटला असेल, कुणी लांबून बघितलं असेल. दिवसातून काही मिनिटं तिला ते पटतंही. मग गेल्या महिन्यातला तो रविवार आठवतो, बिबवेवाडीच्याच कोपऱ्यावर, मासळीच्या गाडीवर, ओल्या गोणपाटावर तिसऱ्यांचा ढीग; एकेक शर्टाच्या गुंडीएवढी. "न्या ना ताई, कोवळ्या आहेत, रस झकास होतो." कडेवरच्या ऋतिकानं हात घातला त्यात. चैतालीनं तो हात झटक्यानं ओढला – इतक्या जोरात की पोर रडली, आणि गाडीवाला म्हणाला, "अहो, चावत नाहीत त्या."

कुठल्या होत्या, कोण जाणे. कुठल्याही असतील.

बारा वाजता ऋतिका झोपली. छत्तीस. चैतालीनं मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडलं. हे ती रोज बघते, जसं सासरी गेलेल्या मुलीच्या गावचं हवामान कुणी बघावं... नाही, उलट. आईच्या गावचं. आज त्रयोदशी. पाणी तीनच्या सुमारास फिरेल. दुर्गाबाईला कधी वेळापत्रक लागलं नाही, तिथी पुरे.

दुर्गाबाईचा फोन वाजतो, उचलत नाही. चार महिने झाले. आधी वाटायचं रेंज नसेल.

म्हणून मग तिनं चंपाला निरोप ठेवला होता. चंपा दुर्गाबाईच्या शेजारची, तिसऱ्या काढणाऱ्यांपैकीच, आघाडीच्या बैठकांना सगळ्यात पुढं बसून सरांना प्रश्न विचारणारी. चंपाचा फोन दीडला आला. मागं बायकांचे आवाज, बांगड्या, कुणाचं तरी हसणं.

"ताई, पटकन बोला. खाडीवर निघालोय. सासू पुढं गेलीय माझी."

"दुर्गामावशी कशा आहेत?"

"आहे की."

"चंपा."

चंपाचा आवाज खाली आला. "बैठक झाली ना देवळात, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, जागा फोडली कुणी? कुणी काही बोलायच्या आधीच ही उठली. म्हणाली, मी दाखवली. कुणाला, ते नाही सांगितलं. किती विचारलं तरी नाही. आम्हाला कळायचं ते कळलंच म्हणा. तेव्हापासून पुण्याच्या माणसांनी यायचं नाही असं ठरलं, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे. तिच्याशी बोलता का तुम्ही?"

"कसं बोलू? सासू बोलू देत नाही माझी. मावशी आता एकटी जाते. आमच्या वाळूवर नाही, पल्याड, खडकांच्या बाजूला, कालवं फोडायला. तिकडचं पाणी वाईट. मागनं येतं."

"आणि कुणी बघत नाही?"

"ताई, तुम्ही आला होतात, तुम्हाला आठवेल. पाणी फिरलं की आम्ही हाका मारतो एकमेकींना. सगळ्या वाकलेल्या, कुणाला कळत नाही पाणी कुठवर आलं ते. थोरली एकेकीचं नाव घेते, ती ओ देते, मगच सगळ्या वर येतात. इतकी वर्षं तीच घ्यायची नावं, दुर्गामावशी." मागून कुणीतरी चंपाला हाक मारली. "आता माझी सासू घेते. तिचं नाव घेत नाही."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू तरी मार ना हाक."

"तुम्ही या आणि मारा," चंपा म्हणाली. रागानं नाही, ये जेवायला म्हणावं तशा आवाजात. आणि फोन ठेवला.

मी जाऊ शकते. पहाटेची गाडी, दुपारपर्यंत खाडी. ऋतिकाचा श्वास, अभयची सुट्टी, गावाचा ठराव, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही खरं कारण नाही. खरं एवढंच की मी काठावर उभी राहून हाक मारली आणि ती ओळखून, मान वर न करता तशीच वाकलेली राहिली, तर... त्या क्षणाला मी घाबरते, तिच्या बुडण्यापेक्षाही. हे लिहून बघितलं मनात. वाचवत नाही.

ती उठली. वेबसाइट उघडली, नकाशावरचा ठिपका पुसला. दोन बटणं, एक खात्री – खरंच काढायचं आहे का? निळा पट्टा, पिवळी जीभ, बाकी काही नाही. किती सोपं होतं, आणि किती निरुपयोगी. आता तिथं राखायला उरलंय काय? तरी छातीत काहीतरी हललं. हलकं झालं असं नाही. इतके महिने आत ताणून धरलेलं होतं ते सुटलं, आणि सुटल्यावर दुखायला लागलं.

पावणेतीन. ऋतिका कुशीवर वळली. चौकट उघडी होती, वर दुर्गाबाईचा हसरा फोटो. चैतालीनं फोटोही काढला. नाव लिहिलं, खोडलं. गावाचं नाव लिहायला बोटं आपोआप गेली – तीही मागं घेतली. जागा सांगितल्याशिवाय कुणाला कसं पाठवणार तिच्याकडे? आणि सांगून? सर चारला विचारतील, हे काय आहे. तिला अजून ठाऊक नाही ती काय म्हणेल. ती लिहीत गेली:

तुम्ही सुट्टीत कोकणात जालच. मुलं पाण्यात खेळतील, तुम्ही फोटो काढाल. गावाचं नाव मी देणार नाही, बाईचंही नाही. कुठलीही खाडी असू द्या. ओहोटी संपता संपता, बाकीच्या बायका वर आल्यावर, खडकांच्या बाजूला एखादी म्हातारी एकटी वाकलेली दिसली, तर निघू नका लगेच. तिच्या मागं पाणी कुठवर आलंय ते बघा. हाक मारा. मावशी म्हणा, आजी म्हणा, काहीही चालेल. मी सांगितलं म्हणून मात्र म्हणू नका. पहिल्या हाकेला नाही बघणार ती. पुन्हा मारा, आणि ती वर येईपर्यंत कृपा करून तिथंच थांबा.