उत्तरांची पानं

"चूक," रत्नपाल म्हणाला आणि हातातली पानं उलटी करून मांडीवर ठेवली.

शीतल वहीवरच्या चित्राकडे पाहत राहिली. दोनशे किलोचा ठोकळा, वर कप्पी, कप्पीवरून दोर. ठोकळा अधांतरी धरायला किती जोर लागेल, एवढंच विचारलं होतं. तिचं उत्तर एक पूर्णांक शहाण्णव किलोन्यूटन आलं होतं. दुपारी तेवढंच आलं होतं, आणि काल भाकरी थापता थापता मनातल्या मनात केलं तेव्हाही तेवढंच.

"जवळ तरी हाय का थोडं?"

"न्हाई जुळत."

"बरं," म्हणून तिनं खोडरबर उचललं. कागद त्या जागी आधीच खरबरीत झाला होता.

शीतलचा सिव्हिलचा डिप्लोमा या एका विषयावर अडला होता. तेव्हा लग्न ठरलं, मग रुद्र झाला, मग घर, आणि मेकॅनिक्सचा राहिलेला पेपर राहूनच गेला. यंदा रुद्र वसमतला नवोदयला लागला आणि तिनं पुस्तक बाहेर काढलं. जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची संधी होती. यानंतर तो पेपर निघणारच नव्हता. पास झाली तर कळमनुरीकडच्या रस्त्याच्या कामावर सुपरवायझरची जागा मिळेल, असं तिच्या एका जुन्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. सकाळी निघायचं, दिवे लागले की घरी. डिप्लोमाचा कागद मात्र पाहिजे.

पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापलेली होती. ती पानं तिनंच ब्लेडनं कापून नवऱ्याच्या हाती दिली होती.

"मी मागितली तरी देऊ नका," तिनं बजावलं होतं. "आकडाबी सांगू नका. फकस्त बराबर का चूक, तेवढंच सांगा. आकडा कळला का मी उलटं गणित करून आणते. माझी खोड मला ठाऊक हाय."

रत्नपाल तेव्हा हसला होता. दहावी झालेल्या माणसाला बायकोची परीक्षा घ्यायला मिळते, हे त्याला गमतीचं वाटलं होतं. तो पानं शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचा. संध्याकाळी वारंगा फाट्यावरच्या वजनकाट्याच्या कामावरून आला, हातपाय धुतले, आईजवळ दोन मिनिटं बसला की पानं काढायचा. पहिल्या धड्याला मजा आली. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर, सेंटिमीटरचे मीटर. तो "बराबर" म्हणायचा, आणि शीतल अर्धवट राहिलेलं पीठ मळायला हसत उठायची.

मग बलाचा धडा आला आणि सगळं चुकायला लागलं. पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला ठोकळे टांगण्याशिवाय आणि पेट्या ढकलण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता, आणि एकही पेटी शीतलकडून धड ढकलली जात नव्हती. तिनं पद्धत तपासली. बेरजा तपासल्या. नऊ पूर्णांक एक्क्याऐंशीनं गुणायचं की नाही, याचीही तिला शंका यायला लागली. कधी दोनदा गुणून पाहिलं, कधी ते काढूनच टाकलं. जे तिला एकोणिसाव्या वर्षी येत होतं तेही आता हातातून निसटून चाललं होतं. दिवसभर सासूचं अंग पुसायचं, कूस बदलायची, चादरी धुवायच्या. मंजुळाबाईंची डावी बाजू अर्धांगानं गेली होती, आणि बाई अंगानं चांगली भरलेली होती. त्यानंतर वही उघडली की पाठ आणि डोकं एकदमच दुखायला लागायचं.

आज तिनं वही मिटली.

"मी न्हाई जात परीक्षेला."

रत्नपालनं पानांची घडी घातली.

"तुझी मर्जी. बळंच कशाला जीव काढतीस?"

त्याचा आवाज इतका मऊ होता की तिला रडू आलं. एवढं समजून घेणारा नवरा, आणि आपण असे ठोंबे. ते रडूही तिनं आत जाऊन, सासूला पाणी पाजताना संपवलं.

दुसऱ्या दिवशी रत्नपाल डबा विसरून गेला. दुपारी शेजारच्या निर्मलाबाईंना सासूजवळ बसवून शीतल डबा घेऊन फाट्यावर आली. वजनकाट्यापाशी गाड्यांची रांग होती. खोलीच्या मागच्या दाराशी ती उभी राहिली. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, एका हातात चहाचा ग्लास. काट्यावर हळदीची गाडी होती. भरल्या वजनातून रिकामी गाडी वजा होऊन पडद्यावर लाल आकडा आला, अठरा हजार सहाशे चाळीस.

"कितना हुआ?" खालून ड्रायव्हर मोहनसिंगनं विचारलं.

"अठरा टन सहाशे चाळीस," रत्नपाल चहावर फुंकर घालत म्हणाला.

गाडीसोबत आलेल्या व्यापाऱ्याच्या माणसानं खिडकीत मान घातली. "क्विंटलात सांगा ना भाऊ."

"एकशे शहाऐंशी, वर चाळीस किलो."

पडद्याकडे त्यानं दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. पुढची गाडी आली, तिचंही तसंच झालं.

शीतलच्या हातात डबा तसाच राहिला. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सगळी न्यूटनात संपत होती. ती मात्र शेवटी हजारानं भागून किलोन्यूटन लिहायची, कारण कॉलेजातले सर म्हणायचे की बांधकामातल्या माणसानं किलोन्यूटनात बोलावं. म्हणजे मागची उत्तरंही न्यूटनातच असणार. वहीत एक पूर्णांक शहाण्णव किलोन्यूटन, पानावर एक हजार नऊशे बासष्ट न्यूटन; वरचे दोन सोडले तर एकच. क्षणभर तिला हसूच आलं, बिचाऱ्याला जुळवता आलं नाही म्हणून. पण किलोन्यूटन म्हणजे काय, हे त्यानं विचारलं होतं आणि तिनं सांगितलं होतं, किलो म्हणजे हजार, तुमच्या किलोसारखंच. आणि हजारानं गुणायचं, हजारानं भागायचं, हेच तर हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत करत होता.

हसू गेलं. ती दाराच्या चौकटीला टेकली.

"अगं, तू?" त्यानं वळून पाहिलं.

"डबा ऱ्हायला होता."

"आईपाशी कोण हाय?"

"निर्मलाबाई," ती म्हणाली आणि डबा टेबलावर ठेवून परत फिरली.

संध्याकाळी तो आला तेव्हा ती वही घेऊन बसलेली होती. तिला पाहून तो उंबऱ्यातच थबकला.

"काल तर न्हाई म्हणली होतीस."

"बसल्या बसल्या करते. पानं काढा."

त्यानं हातपाय धुतले. आईजवळ नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. मग येऊन समोर बसला आणि खिशातून घडी काढली. ती आता कडांनी मऊ झाली होती.

"कालचंच हाय. कप्पीचं," शीतल म्हणाली. "एक पूर्णांक शहाण्णव किलोन्यूटन."

त्यानं बोट ओळीवरून फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"न्हाई जुळत."

"न्यूटनात सांगू?"

बोट थांबलं.

"एक हजार नऊशे बासष्ट. आता जुळतं का पाहा."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल थांबली आणि गेली. रत्नपालनं पानांची घडी घातली, उघडली, परत घातली. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

"बराबर हाय," शेवटी तो म्हणाला.

"कोणतं?"

"समदेच."

हे तिला दुपारपासून ठाऊक होतं. तिनं वहीची पानं मागं उलटली. रबरानं झिजलेला कागद, नऊ पूर्णांक एक्क्याऐंशी दोनदा लिहिलेलं, एकदा काढून टाकलेलं. आपलं खरं होतं ते तिनं आपल्याच हातानं खोडलं होतं.

"पहिल्या दिशी खरंच कळलं न्हाई मला," तो म्हणाला. "दुसऱ्या दिशी काट्यावर बसल्यावर कळलं."

"मंग? सांगितलं काहून न्हाई?"

त्यानं आतल्या खोलीकडं पाहिलं.

"तू पास झाली असतीस."

शीतलला राग आला. उठून ती पानं टराटरा फाडावीत असं वाटलं. पण दिवसभरात ती इतकी दमली होती की तेवढंही उठवेना. समोरचा माणूसही दमलेला होता, हे तिला दिसत होतं, आणि ते दिसतंय याचाच तिला जास्त राग येत होता.

"आईचं कोण करील, हे तुमाला इचारायचं होतं," ती म्हणाली. "तर तेच इचारायचं."

"इचारलं असतं तर माझ्या शब्दापायी तू जाणं सोडून दिलं असतंस."

"आन् न इचारता काय झालं?"

त्यानं घडी दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली आणि तिच्याकडे सरकवली. तिनं ती उचलली नाही.

आतून मंजुळाबाईंनी हाक मारली. शब्द धड उमटत नव्हते, पण हाक शीतललाच होती, आणि ती कशासाठी आहे हेही तिला आवाजावरून कळलं. सवयीनं तिनं पेन्सिल ठेवली आणि जमिनीवर हात टेकला.

"तू बस," रत्नपाल म्हणाला.

तो उठून आत गेला. बराच वेळ नुसती धडपड ऐकू येत राहिली. भांडं पडलं. मंजुळाबाई काहीतरी पुटपुटल्या, तो "व्हय, व्हय, थांब जरा" म्हणाला. शीतलनं नवं पान काढलं. उतरणीवरची पेटी, वजन ऐंशी किलो. तिनं ऐंशीला नऊ पूर्णांक एक्क्याऐंशीनं गुणलं. एकदाच.

"शीतल," आतून आवाज आला. "धुतलेली चादर कुठं असती?"

ती अर्धवट उठली होती. परत बसली.

"पेटीत, खालच्या बाजूला," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "हुडका."