घड्याळाचा सेल

इमरान तसा हुशार गडी. नांदगाव खंडेश्वरात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, चार कॉम्प्युटर, हात तर असा की बंद पडलेली मशीन त्याला पाहूनच सुरू व्हावी. पण आळशी! तेच नडलं.

मशिनींच्या आतले घड्याळाचे सेल मेले होते. लाइन गेली की तारीख पंधरा वर्षं मागे. अपडेट घेणारा प्रोग्राम आधी कंपनीची सही तपासतो. एवढ्या मागच्या तारखेला ती सही त्याला खोटीच वाटायची, आणि तो अडून बसायचा. सेल बदलायचे सोडून इमराननं सही तपासणंच बंद करून टाकलं. "कटकट गेली," म्हणाला. दाराची कडी काढून फेकली आणि म्हणे कटकट गेली!

शालिकराम भाजीवाल्याच्या प्रतीक्षानं त्याच्याकडेच नर्सिंगचा फॉर्म भरला. बारावी झालेली, शिकायची भारी हौस. पण दोन वर्षं विहीर कोरडी, वांगी जागेवर वाळली. बापानं बजावलं होतं, "औंदा नंबर लागला तं शिक, नाही तं लगन करून टाकतो."

दिवसा साइट चालायची नाही. इमरान फॉर्म मशिनीत ठेवायचा आणि पहाटे सगळे एकदम पाठवायचा. "झाला समज, बेटा," तो प्रतीक्षाला म्हणाला.

मुदत दुसऱ्या दिवशी दहापर्यंत. पहाटे पाहतो तर काय, कोणा चोराचं खोटं अपडेट बिनसहीचं आत शिरलेलं, आणि फॉर्म, दाखले, सगळ्या फायली कुलूपबंद! पोरीला फोन लागेना. दहा वाजून गेले.

ती दुपारी आली. "चाचा, नंबर कधी लागन?"

"व्हायरस आला, बेटा. मी काय करू? पहाटपासून धडपडून राहिलो."

धडपड खरी होती. बाकीचं गिळलं मेल्यानं. ती रडलीसुद्धा नाही. कागदांच्या पिशवीला गाठ मारून निघून गेली.

त्याच दिवशी त्यानं चारही सेल बदलले.

दोन महिन्यांनी शालिकराम आला. "इमरानभाऊ, पोरीच्या लगनाची पत्रिका बनवून द्या. तिनंच पाठवलं. म्हने, चाचानं माह्यासाठी लय धडपड केली."

सांगून टाकावं, असं इमरानच्या अगदी ओठावर आलं. पण तो टाइप करू लागला.

"तारीख नीट पाह्यजा भाऊ," शालिकराम म्हणाला, "चुकली तं पोरीचं नुसकान होईन."

इमराननं तारीख दोनदा तपासली.