मुलुंडचा आवाजबंद बूथ

मी एक जुना फोन बूथ आहे. रस्त्यावरचा, एक रुपयाचं नाणं टाकायचा तो नव्हे. मुलुंडच्या एका कोवर्किंग ऑफिसातला, एक माणूस कसाबसा मावेल एवढा लाकडी डबा. इथे लोक महिन्याच्या भाड्याने टेबल घेतात, आपापलं काम करतात आणि फोनवर बोलायचं झालं की माझ्यात येतात. जुना म्हणजे पाच वर्षांचा. पण मित्रांनो, या धंद्यात तेही म्हातारपणच.

मानखुर्दच्या कारखान्यात खंडू मिस्त्रींनी मला घडवलं. फळ्यांमध्ये जाड फोम भरला, दाराला काच लावली, कडांना रबर ठोकलं. मग स्वतः आत बसून घसा फाडून ओरडले. बाहेर कुणाला काही ऐकू आलं नाही. मिस्त्री खूश झाले आणि मी हरखून गेलो.

माझ्या पोटात लोकांनी काय काय सांगितलं! मुलाखती, भांडणं, लग्नाचे होकार. एक शब्द मी बाहेर जाऊ दिला नाही. आत कुणी शिरलं की दारावर लाल दिवा लागे, आणि दिवा असेल तर काचेकडे बघायचं नाही, ही इथली रीत. शिवाय सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. आठ-आठ महिने एकाच टेबलाशी बसलेल्यांना एकमेकांची नावं ठाऊक नव्हती. माझं कुलूप हल्ली अडकत होतं. पण जो तो म्हणे, दुसऱ्याने कळवलं असेल.

एका मंगळवारी यज्ञेश आत आला. त्याच्या वडिलांना, भाऊंना, आताशा काही आठवत नाही. एकटे राहिले की ते घराबाहेर पडतात आणि वाट चुकतात. त्यांना सांभाळणाऱ्या प्रियंकाताईंचा फोन होता.

"दादा, मला एक वाजता निघावंच लागेल. पोरीला ताप आलाय. तुम्ही येताय ना?"

"हो हो, दहा मिनिटांत पोचतो," तो म्हणाला आणि फोनची बॅटरी संपली. चार्जर बाहेर टेबलावर. त्याने कडी फिरवली. दार हललं नाही.

"ओ, कुणीतरी उघडा यार!" तो काच बडवू लागला, दोन्ही हात हलवू लागला. समोर बसणाऱ्या रुचिराने वर पाहिलं. तिला वाटलं, मोठं काम मिळालंय याला. तिने हसून अंगठा दाखवला. शेजारच्या हर्षदला ते हातवारे बघून वैताग आला आणि त्याने खुर्ची पाठमोरी फिरवली. माझा पंखा कधीचाच बंद होता. यज्ञेश घामाने निथळत खाली बसला आणि "भाऊ, बाहेर नका ना पडू," असं पुटपुटत राहिला. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला फक्त आवाज गिळायला शिकवलं होतं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

सव्वा वाजता चहावाले लवूकाका आले. यज्ञेशचा कप कुठे ठेवावा म्हणून त्यांनी रीत मोडून काचेत डोकावलं आणि ट्रे तिथेच ठेवला.

"मेल्यांनो, तो बोलणा नाय! भितुर अडाकलो हा!"

त्यांनी पॅन्ट्रीतल्या सुरीने कुलूप उचकटलं. यज्ञेश बाहेर कोसळला. "माझे वडील घरी एकटे आहेत," एवढंच बोलला. मग सगळे त्याच्यामागे जिन्यावरून धावले. टेबलावर नुसते हेडफोन उरले. मी दार सताड उघडं टाकून वाट बघत होतो, कारण मला पाय नाहीत.

दीड तासाने लवूकाकांकडून कळलं. भाऊ घरी नव्हतेच; पाच रस्ता चौकात भाजीवालीच्या पाटीशेजारी अनवाणी बसलेले सापडले. हर्षदला दिसले ते.

संध्याकाळी हर्षद म्हणाला, "मी खुर्ची फिरवली रे. सॉरी. तुझं नाव काय?"

आता माझं कुलूप नवं आहे. परवा दिवा लाल असताना रुचिराने काचेवर टकटक केली आणि दार ढकलून विचारलं, "यज्ञेश, भाऊ जेवले का?" मला बरं वाटलं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या कड्यांना वेळच्या वेळी तेल घाला. आणि काचेआडचं माणूस हात हलवताना दिसलं, तर दार उघडून विचारा. चुकलात, तर फार तर कुणाचा फोन अर्धवट राहील.