पाळण्याशेजारचं स्टूल

पाळणा अण्णांच्या खोलीत हलवायचा, हा निर्णय सूनबाईचाच होता. तिला कोणी तसं सुचवलं नव्हतं. जेवताना तिनेच विषय काढला, रविवारी हलवू म्हणाली आणि ताटातलं तसंच ठेवून हात धुवायला उठली.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला झोपेतून जाग यायची, डोळे उघडायचे, खोली दिसायची, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायच्या, पण अंग जागं व्हायचं नाही. हात हलत नसे, पाय हलत नसे, जीभ उचलत नसे. छातीवर कोणीतरी ऐसपैस बसलंय असं वाटायचं आणि कपाटाजवळ कोणी उभं आहे अशी खात्री व्हायची. मग एकदम सुटका. शाळेत असल्यापासून हे चालू होतं, पण तेव्हा वर्षाकाठी एखाद्या वेळी. पुढे बेकरीत पहाटेची पाळी लागली, झोप दुपारची आणि तुकड्यातुकड्यांची झाली, तसं ते वाढलं. मुलगी झाल्यावर तर आठवडा कोरडा जाईना.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. मेंदू आधी जागा होतो, अंग मागून येतं. जिवाला धोका नाही. कपाटाजवळ कोणी नसतं. उताणं झोपू नका, अंग सोडवायला धडपडू नका, श्वास सावकाश घ्या आणि झोपेच्या वेळा पाळा. यातलं शेवटचं वाक्य त्यांनी तिच्या मांडीवरच्या बाळाकडे न बघता म्हटलं.

कपाटाजवळच्या माणसाचं ‘पाहुणा’ हे नाव अण्णांनी ठेवलेलं. अण्णा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म त्यांनी सलून चालवलं. हाताला कंप सुटला तेव्हा दुकान दुसऱ्याला दिलं आणि गोल बैठकीचं एक उंच स्टूल आणि भिंतीवरचा मोठा आरसा तेवढा घरी घेऊन आले. त्या स्टुलावर खिडकीशी बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या केसांवर शेरे मारत. सूनबाई झोपून उठली की ते विचारायचे, पाहुणे येऊन गेले का. ती हो म्हणाली की पुढचा प्रश्न ठरलेला, चहा तरी विचारलास का. थट्टेपलीकडे या विषयावर ते कधी बोलले नव्हते. त्यामुळे त्यांना हे सगळं थोतांड वाटत असणार, असा तिचा समज झाला होता.

नवऱ्याने मात्र विषय फारच मनावर घेतला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, सगळी इमारत त्याला लिफ्टवाला म्हणायची आणि चिडली की सूनबाईही तेच म्हणायची. कोणी अडकलं तर आधी काय हवं, या प्रश्नाचं त्याच्या धंद्यात एकच उत्तर होतं, आणि ते म्हणजे घंटा. एका जुन्या लिफ्टचं लाल बटण त्याने आणलं, पलंगाच्या कडेला ठोकलं आणि भिंतीच्या कडेकडेने वायर अण्णांच्या खोलीपर्यंत नेली. बटण नेमकं कुठे हवं, हे सूनबाईने स्वतः आडवं होऊन दाखवलं होतं. झोपेत हात पडतो तिथेच, तळव्याखाली. संध्याकाळभर चाचणी चालली. ती बटण दाबायची, अण्णा आपल्या खोलीतून ‘पोचली’ म्हणून ओरडायचे. सगळे खूश होते.

दुसऱ्याच दिवशी पाहुणा आला. बटण तळव्याखाली होतं. सुटका झाल्यावर ती तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. नवरा डब्याचं झाकण लावत होता.

“अरे लिफ्टवाल्या,” ती म्हणाली, “बोट हललं असतं तर मी घंटा कशाला वाजवली असती? उठूनच नसते का बसले?”

तिघांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. अण्णा इतके हसले की त्यांना कवळी काढून ठेवावी लागली. घंटा काढायला कोणाला सवड झाली नाही, आणि पुढे ती अण्णांना चहाला बोलवायच्या कामी आली.

हसणं झालं, पण तिची धास्ती तिथेच होती. मुलीला घरात मुंगी म्हणायचे, कारण जन्मली तेव्हा ती तेवढीच होती. मुंगी तीन महिन्यांची झाली आणि एका संध्याकाळी सूनबाईने मनातलं नवऱ्याला सांगून टाकलं. “ती हाताच्या अंतरावर रडत असेल आणि मी डोळे उघडे ठेवून छत बघत पडलेली असेन. तिला काय वाटेल? आई बघतेय पण उठत नाही.” नवऱ्याने, तुला असं कधी झालंय का, असं विचारलं. अजून नाही, ती म्हणाली, पण होणार. त्याच रात्री जेवताना तिने पाळण्याचा विषय काढला.

अण्णा तयारीला लागले. पलंग भिंतीला सरकवला, मुंगीच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून मंद दिवा आणला, पाळण्याच्या कड्यांना तेल दिलं. दुकानातला मोठा आरसाही भिंतीवरून उतरवून मागच्या गॅलरीत नेला, कारण पाळण्याला जागा हवी. त्या आरशाला आजवर कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. दारातून जाता-येता हे सूनबाईला दिसायचं आणि तिचं पाऊल जड व्हायचं. ठरवलेलं तिनेच होतं, आता माघार घ्यायला तोंड नव्हतं.

शनिवारी दुपारी नवरा कामावर होता. मुंगीला पाजून पाळण्यात ठेवलं आणि सूनबाई शेजारी कुशीवर पडली. झोपेत कधीतरी उताणी झाली असावी. जाग आली तेव्हा पडद्याच्या फटीतून ऊन आत आलं होतं, आणि पाहुणा कपाटाजवळ न थांबता थेट छातीवर येऊन बसला होता.

आणि मुंगी रडायला लागली.

आधी ती नुसती कुरकुरली, मग सूर लावला, मग टाहो फोडला. सूनबाईला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाईंनी धडपडू नका सांगितलं होतं, पण ती धडपडली. सगळा जीव पायाच्या अंगठ्यात गोळा केला. अंगठा हलला नाही, वजन तेवढं वाढलं. पाळण्याची दांडी करकरत होती आणि तिला फक्त छत दिसत होतं. ज्याची भीती होती तेच, तसंच्या तसं चाललं होतं.

दार लोटल्याचा आवाज आला. अण्णा आत आले, पाळण्याकडे गेले आणि वाटेत पलंगापाशी थबकले. त्यांनी तिच्या उघड्या डोळ्यांत पाहिलं. तिला वाटलं, आता गदागदा हलवणार. माहेरी आई तसंच करायची आणि त्यानंतर तासभर अंग कापत राहायचं. अण्णांनी हात लावला नाही. मुंगीला उचलून खांद्यावर घेतलं, बाहेर जाऊन पायाने ढकलत ते स्टूल आणलं आणि पलंगाशी, तिच्या नजरेच्या टप्प्यात बसले.

“मुंगी माझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “काही घाई नाही. तू सावकाश ये.”

मग ते मुंगीशी बोलू लागले. आवाज अगदी दुकानातला, ना मोठा ना हळू. समोरच्या इमारतीतल्या मास्तरांनी केस काळे केलेत पण भुवया विसरलेत, इथून सुरुवात झाली. मग पाण्याची टाकी, मग खालच्या शिंपिणीचा मुलगा. मुंगीचं रडणं हुंदक्यांवर आलं.

“तुझी आई आत्ता खुर्चीत बसलीय,” अण्णा तिला सांगत होते. “फेस लावून झालाय, वस्तरा गालावर आहे. अशा वेळी माणसाला हलता येत नाही, बोलता येत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. म्हणून तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. ते आपण ती बेकरीत गेल्यावर बोलू.”

सूनबाई हसली. म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला, आणि त्याच्या मागोमाग मान, खांदा, हात सगळं परत आलं. ती उठून बसली. अण्णांनी मुंगीला तिच्या मांडीवर दिलं आणि कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी ओतून पुढे केलं.

ती मुंगीची पाठ थोपटू लागली. मग म्हणाली की मुंगी फार रडली. अण्णा म्हणाले, रडली ना, रडू दे, सध्या तिला तेवढं एकच काम आहे आणि ते ती मन लावून करते.

“तुम्ही मला हलवलं का नाही?”

“खुर्चीतला माणूस घाबरला की मान हलवतो आणि मग कापतं. त्याला घाबरू द्यायचं नाही, बोलत राहायचं. दुसरं काय केलं मी जन्मभर?”

“मला वाटायचं, तुम्हाला हे सगळं नाटक वाटतं.”

अण्णांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “सूनबाई, इतका वेळ एक शब्द न बोलता पडून राहायचं नाटक तुला जमेल का?”

रविवारी नवरा पाना आणि हातोडी घेऊन पाळणा सोडायला आला, तेव्हा सूनबाई पाळण्याच्या दांडीवर हात ठेवून उभी होती. पाळणा इथेच राहील, असं तिने त्याला सांगितलं. मग अण्णांकडे वळली. खोली तुम्ही इतकी मनापासून लावलीत, तिचं काही करता येईल, असं म्हणाली.

“आरसा परत लावू दे त्याला,” अण्णा म्हणाले. “रोज चाचपडत दाढी करतोय मी. हनुवटी बघ.” हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं.

“स्टूल मात्र इकडेच असू दे,” सूनबाई म्हणाली.

ते तिथेच राहिलं. पाहुणाही यायचा थांबला नाही. फरक एवढाच झाला की छत बघत पडलेली असताना ती आता अंगठ्याशी झगडत नसे. श्वास मोजत पडायची आणि मास्तरांच्या भुवया आठवायची. बहुतेक वेळा सुटका लवकर व्हायची. काही वेळा व्हायची नाही.

अण्णा घरी नसताना एका सुट्टीच्या दुपारी नवऱ्यावर पाळी आली. त्याने मुंगीला घेतलं, स्टुलावर बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, “घाबरू नका. लिफ्ट खाली पडत नाही. आमचा माणूस निघाला आहे.”

संध्याकाळी तिने हे अण्णांना सांगितलं. अण्णांनी मुलाला समोर बसवलं. गिऱ्हाइकाशी असं बोलतात का, म्हणाले, आधी घरची चौकशी करावी, कामाचं विचारावं. तेव्हापासून तो विचारतो. बेकरीत नवीन भट्टी बसली का, तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय झालं, संध्याकाळी भाजी कुठली करू. उत्तर येणार नाही हे त्याला माहीत असतं. तरी प्रत्येक प्रश्नानंतर तो थोडा थांबतो.