चौदापैकी नऊ ओळी

मी एक जुनी वही आहे. गाण्याच्या मास्तरांची. पाने एकशे बारा, शिवण दोनदा उसवलेली, बाकी प्रकृती उत्तम. प्रकृती उत्तम असणे हेच माझे दुखणे आहे, मित्रांनो. सावकाश सांगते; घाई करायची माझी सवय कधीच मोडली.

मला एका बाइंडरने शिवले, डिंक जरा जास्तच लावून. मास्तर माझ्यात चाली उतरवू लागले. दुसऱ्या कुणाची लिहायची पद्धत त्यांना पटत नसे, म्हणून त्यांनी स्वतःच्याच खुणा काढल्या: टिंबे, आकडे, आणि एक शेपटीवाली खूण. ती कधी ‘इथे श्वास घ्या’ म्हणून असे, तर कधी पेन गळल्यामुळे. कुठली कशासाठी, हे फक्त त्यांना आणि त्यांच्या मुलीला कळे. पंचवीस वर्षे मी रोज उघडली गेले. विद्यार्थी माझ्यावर चहा सांडत, मास्तर त्यांच्यावर ओरडत. ते माझे सुखाचे दिवस.

मास्तर गेले. विद्यार्थ्यांनी मोठ्या मनाने मला एका संग्रहालयाला दिले. तिथे माझे फार कौतुक झाले. मला खोका मिळाला, खोक्याला क्रमांक मिळाला, आणि वर कुलूप. खोली माझ्या तब्येतीला मानवेल इतकी गार ठेवतात. कारकून बारा महिने स्वेटर घालून बसतो. तीस वर्षांत मला कोणी उघडले नाही, त्यामुळे मी फाटले नाही, असे वार्षिक अहवालात अभिमानाने छापतात.

मग वाद्ये दुरुस्त करणारी एक बाई आली. तिला जुन्या चालींचा नाद. अर्जात संस्थेचे नाव विचारले होते. तिने लिहिले, ‘कोणतीच नाही.’

“ही संस्था कुठे नोंदलेली आहे?” कारकुनाने विचारले.

“अहो, संस्था नाहीच. मी एकटीच आहे.”

“मग एकटीच्या लेटरहेडवर पत्र आणा.”

तिने छापून आणले.

मग कारकुनाने सांगितले, पान बघता येईल, पण उतरवून घेता येणार नाही, कारण लेखनाचा हक्क वारसाकडे. बाईने वारस शोधून काढला. मास्तरांची मुलगी, वय सत्त्याऐंशी. तिला सगळे मावशी म्हणत. मावशी बरेच काही विसरू लागल्या होत्या, पण खुणा समोर आल्या की चाल आठवे. एकतिसाव्या पानावरची चाल तर दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. बाईला तीच हवी होती, मावशींना येते आहे तोवर.

“परवानगी देते की मी,” मावशी येऊन कारकुनाला म्हणाल्या.

“तुम्ही त्यांची मुलगी, याला पुरावा?”

“दाखला घराबरोबर जळला. पण एकतिसावं पान माझ्याच हातचं आहे. बाबांचा हात मोडला होता तेव्हा.”

“अक्षर तपासायला पानाची प्रत तज्ज्ञांकडे पाठवावी लागेल. प्रत काढायला वारसाची परवानगी लागते.”

“दिली ना, बाबा!”

“तुम्ही अजून वारस नाही, मावशी.”

शेवटी नुसते बघायची तारीख मिळाली. वाचनकक्षात लिहायला मनाई, गुणगुणायलाही मनाई. व्हरांड्याबद्दल मात्र नियमावलीत अवाक्षर नव्हते. मावशी एक ओळ वाचत, काठी टेकत दाराशी जात, रजिस्टरमध्ये सही करत आणि व्हरांड्यात ती ओळ गात. बाई तिथेच लिहून घेई. मग पुन्हा सही, पुन्हा आत. तिसरी ओळ सही करता करता विसरली. चौथी दोनदा. तेव्हा कारकून खुर्चीतून उठला.

“मावशी, तुमची सही मी ठोकतो. तुम्ही चला, ओळ सांडेल.”

नियमाप्रमाणे हा गुन्हा आहे. माझ्यासाठी तिथे कोणी केलेला हा पहिलाच.

ओळी चौदा होत्या. नऊ झाल्या आणि बंद व्हायची वेळ झाली. पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली.

त्या दिवशी बाई एकटीच आली.

“मावशी?” कारकुनाने विचारले.

“काल मी मला आठवल्या तशा वहीतल्या खुणा काढून त्यांना दाखवल्या. म्हणाल्या, नक्षी छान आहे.”

कारकुनाने समितीचे पत्र हळूच तिच्यापुढे सरकवले. अक्षर न तपासताच मावशींना वारस मानले होते. त्यांनी फक्त स्वतः येऊन सही करायची होती.

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला सगळे सांगतात. जपाच. पण ती वाचता येणारे माणूस आहे तोवर आधी ती त्याच्या मांडीवर ठेवा. कागदपत्रे मागाहून होतील. कागद थांबतो. मी थांबलेच की.

दहाव्या ओळीची शाई अजून काळीभोर आहे. बाई तिच्याकडे तासभर नुसती बघत बसली. मग कारकुनाने मला उचलले, दोन्ही हातांनी, फार जपून.