बाद झालेला नारिंगी दोर

मी एक जुना दोर आहे. रंगाने नारिंगी, मधून एक निळा धागा गेलेला. मित्रांनो, सामान बांधायला वापरतात तसला दोर मी नव्हे. झाडावर चढणाऱ्या माणसाला पेलण्यासाठी माझा जन्म झाला. कारखान्यातल्या यंत्राने आधी माझा पांढरा गाभा वळला आणि मग त्यावर रंगीत धाग्यांची वीण चढवली. लोकांना दिसते ती वीण. भार मात्र बराचसा गाभाच उचलतो.

मला विकत घेतले ते एका तरुणीने. ती आधी एका कार्यालयात टंकलेखन करायची. खिडकीबाहेरच्या झाडाची कोणीतरी वेडीवाकडी छाटणी केली आणि ते झाड वाळत गेले. ते तिने रोज बसल्या जागेवरून पाहिले आणि एक दिवस ती नोकरी सोडून झाडांची निगा राखणाऱ्या टोळीत दाखल झाली. आठवड्यातला एक दिवस त्याच विषयाचा वर्ग आणि बाकीचे दिवस काम, असा तिचा क्रम होता. तिची चढण्याची चपळाई पाहून टोळीने तिचे नाव खारूताई ठेवले.

संध्याकाळी घरी आल्यावर ती जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडायची आणि गाठींचा सराव म्हणून मला खुर्चीच्या पायाला बांधायची. एकदा तिची आई मला अडखळली.

"शिकून शेवटी होणार काय तू?"

"झाडांची डॉक्टर."

"बरं आहे. रोगी निदान पळून तरी जाणार नाही," आई म्हणाली आणि मला ओलांडून गेली.

टोळीचा मुकादम वयाने मोठा आणि मोजके बोलणारा होता. चढण्यापूर्वी खारूताई झाडाभोवती एक फेरी मारायची, बुंध्यावर हात ठेवायची, मुळाशी कुठे बुरशी दिसते का ते वाकून बघायची.

"झाडाची परवानगी घेतेस का?" मुकादमाने विचारले.

"नाही, तब्येत विचारते."

तो हसला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिची फेरी पूर्ण होईपर्यंत तो थांबू लागला.

माझी ती वर्षे कामाची होती. उन्हात मी तापलो, चिकाने माखलो, सालीवर घासला गेलो. ती मला कोमट पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची आणि बोटांनी चाचपत टोकापासून टोकापर्यंत तपासायची.

मग एका ओल्या सकाळी ती पडली. वरच्या फांदीकडे सरकताना तिने मला ढील दिली होती, ती आवरून घ्यायची राहिली. शेवाळावरून पाय निसटला. ती खाली आली आणि मी एकदम ताणला गेलो. जमिनीपासून बरीच वर ती लोंबकळत राहिली. तिला खरचटले, एवढेच. माझ्या गाभ्यातले काही धागे त्या हिसक्याने तुटले. वीण मात्र जशीच्या तशी होती.

टोळीतल्या प्रत्येकाने मला हात लावून पाहिले. माझे कौतुक झाले. मुकादम म्हणाला, "यानं त्याचं काम केलं. आता हा बाद. कापून टाक, म्हणजे चुकूनही कोणी वापरणार नाही."

ती हो म्हणाली. पण जीव वाचवणाऱ्या दोरावर करवत चालवणे तिला जमले नाही. तिने माझ्याच रंगाचा नवा दोर आणला आणि मला शकुन म्हणून टोळीच्या गाडीत, सीटखाली ठेवले. तिथे धूळ आणि काळोख होता. कित्येक दिवस कोणी माझ्याकडे पाहिले नाही.

एके दुपारी बालवाडीच्या फाटकावर वादळाने मोडलेली फांदी लोंबत होती. मुले बाहेर पडण्याआधी ती उतरवायची होती. खारूताई वर्गाला गेली होती. मुकादमाने सीटखाली हात घातला, त्याला मी लागलो. त्याला वाटले, हाच नवा दोर. तो माझ्या भरवशावर चढला.

वर्ग आटोपून ती परस्पर तिथे आली तेव्हा तो मोडलेल्या फांदीजवळ पोचला होता. नवा दोर तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. तिने वर पाहिले आणि मला ओळखले. पण ती ओरडली नाही.

"मुकादम, उजवीकडे जाड फांदी आहे. कमरेचा पट्टा तिला बांधा."

"का गं?"

"बांधा, मग सांगते."

त्याने बांधला.

"आता दोरावर भार टाकू नका. तो बाद झालेला आहे. मी शिडी लावते."

तो शिडीवरून सावकाश उतरला, फांदीपासून दूर एका कठड्यावर बसला आणि मला हातात घेऊन उलटसुलट पाहू लागला.

"दिसायला तर ठणठणीत आहे."

"पोकळ झाड तुम्ही ठोकून ओळखता," ती म्हणाली. "दोर ठोकून कळत नाही."

"कापून टाक म्हणालो होतो."

"हो."

त्याने नवा दोर घेतला, फांदी उतरवली. फाटक मोकळे झाल्यावर तिने करवत काढली. मुकादमाने माझे दुसरे टोक ताणून धरले, म्हणजे करवत नीट चालेल. आतून माझे तुटके पांढरे धागे बाहेर आले. मुकादमाने ते बोटांनी चाचपून पाहिले.

पुढे ती परीक्षा पास झाली आणि त्याच वर्गात नवख्यांना गाठी शिकवू लागली. आता माझे हातभर लांबीचे तुकडे त्यांच्यात फिरत असतात.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. ज्याने तुम्हाला सावरले त्याची आठवण जरूर ठेवा, पण त्याची ताकद संपली असेल तर त्याच्यावर पुन्हा ओझे टाकू नका. आणि एखादी वस्तू बाहेरून चांगली दिसते म्हणून तिच्यावर कोणाचा जीव टांगू नका.

परवा एका मुलीने माझा तुकडा उचलून विचारले, "बाई, हा तुटला कसा?"

"तुटला नाही," खारूताई म्हणाली. "मी कापला."