ऐंशी सामन्यांचा हंगाम

घड्याळवाल्याच्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी बास्केटबॉलचा हंगाम सव्वीस सामन्यांवरून ऐंशीवर गेला. घरी एकाच्या जागी दोन आले आणि हॉलमध्ये एकाच्या जागी तीन, झोप दोन्हीकडची उडाली, असं तो भेटेल त्याला हसत सांगायचा. त्याच्या असं हसण्याचे ते शेवटचे दिवस.

त्याला सगळे घड्याळवालाच म्हणायचे. बायको जिवंत होती तोवर तीसुद्धा. मैदानाच्या कडेला जे लांब टेबल असतं, त्याच्यामागे तो तीस वर्षं बसत आला होता. पंचाची शिट्टी वाजली की घड्याळ थांबवायचं, चेंडू परत खेळात आला की सुरू करायचं. काम म्हणाल तर एवढंच. पण त्या एवढ्याशा कामात अर्ध्या सेकंदाची चूक झाली, तर चार हजार माणसं उठून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्यामुळे बोट कायम बटणावर. जेवायला बसला तरी उजवं बोट ताटाच्या कडेवर टेकलेलं असायचं, आणि त्यावरून बायको त्याला आयुष्यभर चिडवत राहिली.

हॉलची लाकडी जमीन त्याच्या थोरल्या भावाने घातलेली. थोरला सुतार. प्रत्येक फळी त्याच्या हाताखालून गेलेली. डाव्या बास्केटच्या अलीकडे एक फळी अशी होती, की चेंडू तिच्यावर पडला की उसळायचाच नाही, मेल्यासारखा बसायचा. ती फळी नेमकी कुठली, हे दोघा भावांनाच माहीत. परगावचा एखादा खेळाडू तिथे फसला की थोरला मागून धाकट्याच्या पाठीत बोट खुपसायचा. थोरल्याची खुर्ची ठरलेली होती, पहिल्या रांगेत, टेबलाच्या बरोबर मागे, हाताच्या अंतरावर. सामना चालू असताना दोघं एक शब्द बोलत नसत. जे काही असेल ते त्या एका बोटाने कळायचं.

गावात संघ दोन आणि हॉल एकच. जुन्या हंगामात प्रत्येकाला सव्वीस सामने, त्यातले अर्धे बाहेरगावी. म्हणजे हॉलमध्येही सव्वीसच, रविवारी एक. त्या रविवारसाठी दवाखान्यातल्या नर्स पाळ्या बदलून घ्यायच्या. एक मास्तर पायाला प्लास्टर घालून आले होते, चौघांनी उचलून आणलं होतं त्यांना. सामना चुकला तर चुकला, मग वर्षभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत बसायचं.

दोघा भावांचं भांडण झालं ते मुलीच्या घरी, जुळ्यांना बघायला दोघं गेले तेव्हा. थोरल्याने शिसवी पाळणा करून आणला होता. दोन बाळं बघून तो म्हणाला, "मी एकाची ऑर्डर घेतली होती. दुसऱ्याचा पंधरा दिवसांत देतो." सगळे हसले. मग चहा झाला, आणि बोलणं लांबलेल्या हंगामावर आलं.

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. पूर्वी पुढे असलेला संघ चेंडू हातात धरून नुसता वेळ काढायचा, लोक जांभया द्यायचे. मग चोवीस सेकंदांचा नियम आला. चोवीस सेकंदांत चेंडू टाका, नाहीतर तो समोरच्याचा. त्या एका नियमाने मेलेला खेळ उठून बसला. वेळ थोडा ठेवला म्हणून गंमत आली, हे ज्यांना एकदा कळलं होतं तेच आता ऐंशी सामने करतात? त्यातून मध्ये जाहिरातींसाठी थांबा, पडद्यावर पुन्हा बघण्यासाठी थांबा. शेवटची दोन मिनिटं आधी श्वास रोखून बघायचो, आता मध्ये एक डुलकी काढून होते. अति तिथे माती, असं म्हणून त्याने कप खाली ठेवला.

धाकट्याचंही काही खोटं नव्हतं. आखूड हंगामात खेळाडूंना सहाच महिने पगार, उरलेले सहा महिने कुणी ट्रक चालवायचा, कुणी पोती उचलायचा. ज्यांना कधी तिकीट मिळालं नाही त्यांना आता मिळेल. आणि त्याला स्वतःला, बायको गेल्यापासून, रविवार सोडून बाकीचे सहा दिवस खायला उठायचे. हे शेवटचं मात्र तो बोलला नाही. तो एवढंच बोलून गेला, की संघटनेने जुन्या टेबलवाल्यांचं मत मागवलं होतं आणि त्याने 'हो' लिहून पाठवलं.

 थोरला उठताना म्हणाला, "तू सही केलीस, धाकट्या? तूच? मग तुझ्या ऐंशी सामन्यांत मला शोधू नकोस. हंगाम आखूड होईपर्यंत मी त्या हॉलमध्ये पाऊल ठेवत नाही."

धाकट्याला वाटलं, दोन सामने जातील नि येईल. नाकावर माशी बसू द्यायचा नाही, पण मनाने खडीसाखर, हे तो लहानपणापासून ओळखून होता.

हंगाम सुरू झाला. रविवार, बुधवार, शुक्रवार, मध्येच एखादा शनिवार. पहिले दहा सामने हॉल भरला, मग वरच्या रांगा रिकाम्या दिसायला लागल्या, मग मधल्या. लोकांना खेळाचा राग नव्हता, ते एवढंच म्हणायचे की आज नाही तर शुक्रवारी बघू. शुक्रवारी यावं तर ज्याच्यासाठी आलो तो खेळाडू साध्या कपड्यांत बाकावर बसलेला. ऐंशी सामने ओढायचे म्हणून कोच त्याचे पाय राखून ठेवायचा. माणसं चडफडत घरी जायची आणि पुढच्या खेपेला यायचीच नाहीत. तिकीटवाली बाई खिडकीत बसून लोकर विणायला लागली. तिचे दोन स्वेटर झाले.

टेबलामागची खुर्ची रिकामीच राहिली. दुसरा पाळणाही आला नाही. हॉलचा राग माझ्या नातवंडांवर काढतो का, असं घड्याळवाल्याला वाटलं आणि तोही ताठला. एकाच पाळण्यात दोन्ही बाळं उलटसुलट झोपायची, एकाचे पाय दुसऱ्याच्या तोंडाशी.

तिसऱ्या महिन्यात औषधांच्या दुकानात वहिनी भेटली. तिने हातातली पिशवी पटकन पदराखाली घेतली. त्याने विचारलं तर गुडघ्यांचं औषध म्हणाली. मग जाता जाता थांबून म्हणाली, "भावोजी, एकदा येऊन जा ना घरी."

तो म्हणाला, येतो, एवढे चार सामने झाले की येतो. चार झाले, पुढे पाच होते. सोमवारी निघायचं ठरवलं तर पुढे ढकललेला सामना नेमका सोमवारी आला. आणि खरं सांगायचं तर, तो येत नाही तर मीच का जाऊ, हेही होतंच पोटात. हंगाम लांब आहे. आज नाही तर शुक्रवारी.

जुळी सात महिन्यांची झाली. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. तिला काकूने कळवलं होतं, की बाबांना आज पाठव, आजच.

थोरल्याची खाट खालच्या खोलीत, त्याच्या कामाच्या जागी आणली होती. अंगावर चादर होती, पण चादरीखाली माणूस आहे असं वाटत नव्हतं. कोपऱ्यात दुसरा पाळणा होता, तीन बाजू लागलेल्या, चौथी भिंतीला टेकवून ठेवलेली. तिच्यावर धूळ बसली होती. घड्याळवाल्याने त्या धुळीकडे पाहिलं आणि त्याला महिन्यांचा हिशोब कळला. वहिनीने दाराशीच हळू आवाजात सांगितलं होतं: भांडण झालं, त्याच्या पंधराव्या दिवशी दुखणं कळलं, तुम्हाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. डॉक्टर म्हणतात, दोन-चार दिवस.

"आलास?" थोरला म्हणाला. "मला वाटलं, ऐंशी झाल्यावर येशील."

"दादा, कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर बोट हललं असतं तुझं. तू रुसलेलाच बरा होतास. रुसलास की ताठ बसतोस." तो थांबला, दम घेतला. "टीव्हीत दिसतोस तू. मागच्या बुधवारी दीड सेकंद उशीर केलास."

"कुणी ओरडलं नाही."

"ओरडायला होतं कोण तिथे?"

दोघं हसले. थोरल्याला हसताना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. वहिनी पाणी पाजून गेली. जाताना म्हणाली, खेळ बघतात असं वाटेल तुम्हाला, पण कॅमेरा टेबलाकडे कधी वळतो तेवढंच बघत बसतात. थोरल्याने तिला हातानेच गप्प केलं.

घड्याळवाला खाटेशेजारी स्टूल ओढून बसला. पाळण्याची चौथी बाजू मी लावतो म्हणाला, तर थोरला म्हणाला, हात लावू नकोस, तुझ्या हाताने खिळा सरळ जात नाही. मग दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. ती सवय जुनी होती. दुपार झाली. भिंतीवरच्या घड्याळाकडे धाकट्याची नजर दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा थोरल्याने ती पकडली.

"आज आहे?"

"चार वाजता."

"कोण?"

"शेवटचा नंबर आणि त्याच्या वरचा. दोघंही कधीच बाद झालेत."

"मग जातोस कुणासाठी?"

 धाकटा म्हणाला, माझ्या जागी बसायला कुणी नाही, एकाला शिकवलं होतं, तो सोडून गेला. बुधवारी सामना नाही. बुधवारी सकाळपासून येऊन बसतो, रात्री इथेच राहतो. वहिनीचे दोन-चार दिवस त्याने मनात मोजले होते, बुधवार त्यात बसत होता.

"बस की थोडा वेळ," थोरला म्हणाला.

तो आणखी दहा मिनिटं बसला. मग थोरलाच म्हणाला, "जा. घड्याळवाला उशिरा पोचला तर हसं होईल आपलं."

हॉलमध्ये शंभर माणसंही नव्हती. दोन्ही संघांचे चांगले खेळाडू बाकावर बसून मोबाइल बघत होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये परगावचा एक उंच पोरगा डावीकडून चेंडू आपटत आला, आणि चेंडू त्या फळीवर पडून बसला. पोरगा पुढे गेला, चेंडू मागे राहिला. घड्याळवाल्याने पाठ ताठ केली आणि पाठीत बोट टोचायची वाट बघितली.

तो वाट बघत राहिला. शिट्टी झाली ती त्याला ऐकूच आली नाही. भानावर आला तेव्हा मैदानावर सगळे उभे होते आणि घड्याळ पळत होतं. अकरा सेकंद गेले होते. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याने मान वर करून रांगांकडे पाहिलं. कुणीही उठलं नव्हतं. एक बाई पोराला पाणी पाजत होती.

तो स्वतः उठून पंचाकडे गेला आणि चूक सांगितली. पंच तरुण होता, चांगल्या मनाचा होता. तो म्हणाला, "राहू द्या, काका. आजच्या सामन्यात अकरा सेकंदांनी कुणाचं काय बिघडतंय?"

घड्याळवाल्याने ऐकलं नाही. खेळ तसाच थांबवून ठेवून त्याने अकरा सेकंद परत लावले. कोच कुरकुरले. मग शेवटच्या भोंग्यापर्यंत त्याने एकही चूक केली नाही. कोण जिंकलं ते मात्र त्याला नंतर आठवेना.

तो परत पोचला तेव्हा दार उघडंच होतं आणि शेजारची दोन माणसं बाहेर चपला काढून उभी होती. वहिनी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. ती म्हणाली, तुम्ही गेल्यावर टीव्ही लावायला सांगितला. सगळीकडे बघितलं, पण सामना दाखवत नव्हते. एवढे सामने, सगळे कोण दाखवणार? मग म्हणाले, बंद कर, आता तिसरा क्वार्टर चालू असेल. आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून राहिले. मी गॅस बंद करायला आत गेले नि आले.

किती वाजले होते, असं घड्याळवाल्याने विचारलं. वहिनीने घड्याळ बघितलं नव्हतं.

दुसऱ्या पाळण्याची चौथी बाजू त्याने पुढे स्वतःच लावली. एक खिळा वाकडा गेला, तो तसाच आहे.

हॉलची जमीन घालणारा सुतार, घड्याळवाल्याचा थोरला भाऊ, जुळी सात महिन्यांची होती त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी पावणेपाच ते पाचच्या दरम्यान वारला. तेव्हा त्याचं वय एकोणसत्तर होतं, आणि हंगामाचे बावीस सामने बाकी होते.